कर्जरोख्यांची होळी झाली, पुढे काय झाले?



या खेपेस हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी लिहायचे मी कबूल केले होते. ते पुढच्या अंकावर ढकलतो आहे. त्याचे कारण मधल्या आठवड्यात आलेले एक पत्र. नीरेच्या कालव्याखालच्या एका गावातल्या ताईंचे आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, तेव्हा छापत नाही. पत्रातली हकिगत थोडक्यात अशी.

घरच्यांनी गेल्या साली मुलीचे लग्न आणि विहिरीवरून शेतात आणायची पाइपलाइन, या दोन्हींसाठी मिळून गावातल्याच एका बड्या माणसाकडून दोन लाख रुपये उचलले. व्याज शेकडा दरमहा तीन. म्हणजे महिन्याचे सहा हजार आणि वर्षाचे बहात्तर हजार, मुद्दल आहे तिथेच. दोन हप्ते चुकले. आता तो बडा माणूस म्हणतो, दीड एकराचे खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की मी उलटून देईन. नाही दिले तर काय होईल ते बघा, अशीही बोली आहे. दीर म्हणतात, करून टाकू, गावात राहायचे आहे, भांडण नको. ताई विचारतात, "तुम्ही सरकारी माणूस, शेतीचे शिकलेले. आम्ही सही करावी का?"

ताई, उत्तर शेवटी देतो. आधी तुमच्याच मुलखातली एक जुनी गोष्ट सांगतो. तिला दीडशे वर्षे झाली, पण तुमचे पत्र वाचले आणि मला ती कालची वाटली.

तुमच्या बारामती तालुक्यात सुपे आहे. पूर्वी हा भाग भीमथडी तालुक्यात होता. सुप्याचा आठवडी बाजार मोठा. १२ मे १८७५ रोजी भर बाजारात आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने व घरे फोडली. धान्य, कापड यांची लूट झाली, पण जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतावण्या, कोर्टाचे हुकूमनामे. ते बाहेर काढून त्यांची होळी केली. पुढच्या दिवसांत हे लोण भीमथडी, इंदापूर, पुरंदर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात श्रीगोंदे, पारनेर, कर्जत इकडे पसरले. तिसाहून अधिक गावांत असे प्रकार झाले. पलटण आणावी लागली, शेकडो माणसे पकडली गेली.

एक गोष्ट त्या वेळच्या सरकारी चौकशीतही नमूद झाली आहे. माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे होते. सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले, की बहुतेक ठिकाणी जमाव परत फिरला. पोटात आग असलेली माणसे नुसता कागद जाळून घरी जातात, याचा अर्थ त्यांना नेमके ठाऊक होते की आपल्या गळ्याचा फास कुठे आहे.

याआधी काही महिने, म्हणजे १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात दुसराच प्रकार झाला होता. तिथे एका सावकाराने गावातल्या एका मातबर देशमुखावर शेदीडशे रुपयांसाठी हुकूमनामा आणला आणि घर पाडायला काढले. गावाने हत्यार उचलले नाही. सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानातून कोणी मीठ घेईना, त्याच्या शेतात कोणी राबेना, न्हावी, धोबी, सुतार कोणी त्याच्याकडे जाईनात. इंदापूर तालुक्यात कळस गावी तर गावकऱ्यांनी असा करारच लिहून काढला. म्हणजे सुप्याची आग अचानक लागली नव्हती. आधी माणसांनी सभ्य मार्ग चोखाळून पाहिला होता.

आता हे सगळे का झाले? शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असते, सावकारांनी पिळले म्हणून दंगे झाले. ते खरे आहे, पण अर्धेच. सावकार हा काही इंग्रजांनी आणलेला प्राणी नव्हे. पेशवाईतही तो होता. त्या वेळी त्याला गावात राहून गावाच्या कलाने घ्यावे लागे. वसुलीला पंचायत आणि दामदुपटीचा रिवाज, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. जमीन लिहून घेऊन तरी काय करणार, जमिनीला गिऱ्हाईक कमी आणि कसणाऱ्या माणसाची वाण जास्त.

इंग्रजी अमलात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, सारा रोख आणि ठरल्या तारखेला. पाऊस येवो न येवो. दुसरी, दिवाणी कोर्ट. आता सावकाराला गावाची मनधरणी करायला नको, हुकूमनामा आणला की सरकारचा बेलीफ त्याच्या बाजूने दारात उभा. तिसरी, जमिनीला किंमत आली. इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात नव्या पद्धतीची मोजणी-आकारणी झाली होती, तिची तीस वर्षांची मुदत १८६७ मध्ये संपली आणि फेरआकारणी झाली. ती नेमकी चुकीच्या वेळी आली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चालू झाली होती, तिच्या कामावर गाड्या-बैलांना मजुरी मिळत होती. सगळा दख्खन श्रीमंत झाला असे साहेबांना वाटले आणि सारा वाढवला. कित्येक गावांत तो दीडपटीच्या वर गेला. तोवर अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, रेल्वेचे काम आटोपले. चार पैसे हातात असताना सावकार बोलावून बोलावून कर्ज देत होता, तोच आता म्हणू लागला, आधीचे फेडा. नवे कर्ज बंद आणि जुन्याचा तगादा सुरू.

यात एक बारकावा आहे तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बाद. हेतू चांगला होता, की व्याजाचा डोंगर साचू नये. पण झाले काय? तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी, जुन्या रोख्याचे मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करी आणि ती बेरीज मुद्दल म्हणून नवा रोखा करून घेई. अंगठा उमटवला नाही तर उद्या फिर्याद. म्हणजे दर तीन वर्षांनी व्याजाचे मुद्दल होऊ लागले.

पाटी-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. शंभर रुपये, शेकडा दरमहा दोन. तीन वर्षांचे व्याज बहात्तर. नवा रोखा एकशे बहात्तरचा. आणखी तीन वर्षांनी तो होतो २९५ रुपये ८४ पैशांचा. नऊ वर्षे भरली की सुमारे ५०९. मधे एखादे पोते धान्य, एखादा बैल दिला असेल तर त्याची पावती नाही. हे माझे गणित झाले. प्रत्यक्षात चौकशी समितीपुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले होते. गरिबाच्या बचावासाठी केलेला कायदा कागद हाताळणाऱ्याच्या हाती गेला की असा उलटा फिरतो.

आणि धाक म्हणाल, तर तो फक्त सुप्याच्या बाजारात होता असे समजू नका. त्या काळी दिवाणी कर्जासाठी माणसाला तुरुंगात टाकता येत असे. प्रत्यक्ष तुरुंगात जाणारे थोडे होते. तुरुंगाच्या नावाने अंगठा उमटवणारे पुष्कळ. आपण दंग्याला हिंसा म्हणतो आणि जप्तीला कायदा म्हणतो. ज्याचा गोठा रिकामा झाला त्याला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. मी सरकारी नोकरीतला माणूस, दंग्याची भलामण करणार नाही. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत.

दंग्यांनंतर सरकार हलले. १८५७ ला वीस वर्षेही झाली नव्हती, त्याची धास्ती कलकत्त्यात जिवंत होती. मुंबई सरकारला हे प्रकरण किरकोळ वाटत होते, वरून दट्ट्या आला तेव्हा चौकशी समिती नेमली. समितीने गावोगाव जबान्या घेतल्या, व्याजाचे आकडे गोळा केले आणि १८७६ मध्ये अहवाल दिला. तो १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. मधल्या काळात १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. नंतर १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि इतर गोरगरीब जमवून शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घातला, पुढे गावोगावच्या सावकारांवर छापे पडत राहिले. जुलैत फडके पकडले गेले. आणि त्याच वर्षाअखेरीस दख्खनचा शेतकरी कर्जनिवारण कायदा मंजूर झाला. मसुदा आधीपासून चालला होता, तेव्हा फडक्यांमुळेच कायदा झाला असे मी म्हणणार नाही. पण १८७६ च्या अहवालाला १८७९ मध्ये पाय फुटले, यात भीतीचा वाटा नव्हता असे म्हणणेही भोळेपणाचे होईल.

कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या काळाच्या मानाने तो धाडसी होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद. जमीन खास गहाण दिलेली नसेल तर साध्या कर्जापायी तिचा लिलाव बंद. आणि सर्वांत महत्त्वाचे, न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, त्या कर्जाची पहिल्यापासूनची कुळकथा तपासायची. मूळ किती दिले, किती आले, व्याज किती, याचा उलगडा करायचा. कुळाची जबानी घेतल्याशिवाय एकतर्फी हुकूमनामे उठवणे कमी झाले. खेड्यात दस्त नोंदणारे रजिस्ट्रार नेमले, तडजोड करणारे पंच नेमले.

इथवर ऐकून एखाद्याला वाटेल, चला, दंगा केला, कायदा मिळाला, काम झाले. तसे झाले नाही.

सावकारही माणूसच. ज्या कागदावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही, त्या कागदावर तो पैसे कशाला देईल? त्याने साध्या रोख्यावर कर्ज देणे आखडते घेतले. ज्याच्याकडे चांगली जमीन आहे त्यालाच देऊ लागला, आणि तेही गहाणखत न घेता सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. तोंडी बोली अशी, की पैसे फिटले की जमीन उलटून देईन. कायदा कर्जाच्या व्यवहारात शिरत होता, विक्रीच्या व्यवहारात शिरत नव्हता, ही पळवाट. कायदेमंडळाला पुढे दुरुस्ती करून कोर्टाला मुभा द्यावी लागली, की खरेदी म्हणून लिहिलेला व्यवहार मुळात गहाणाचा होता का, हे तपासावे.

ताई, तुमच्या पत्रातले वाक्य आणि हे वाक्य पुन्हा शेजारी शेजारी ठेवून वाचा.

दुसरी गोष्ट अशी, की बाहेरून आलेला मारवाडी किंवा गुजर सावकार काही गावांतून हटला, त्याची जागा गावातल्याच सधन शेतकऱ्याने घेतली. दंग्यांतही राग मुख्यतः परक्यांवर निघाला होता, स्थानिक सावकार बरेचसे वाचले होते. पण आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा सावकार व्याज कमी लावतो असे कुठे दिसले नाही. उलट त्याला जमीन स्वतः कसायची असते, म्हणून त्याचा डोळा व्याजापेक्षा बांधावर अधिक.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच गावात एक अनुभव आला. चुनखडी नसलेली, निचऱ्याची सुंदर जमीन, शेजारी ओढा. मी त्या शेतकऱ्याला तीन वर्षे सांगत होतो, इथे डाळिंब लावा, फळबागेच्या योजनेत बसवतो, खड्डे मी स्वतः उभा राहून घेतो. तो मान हलवायचा आणि दर साली बाजरीच पेरायचा. मला वाटे माणूस आळशी आहे. डायरीत तसे लिहिलेही होते, आता लाज वाटते. चौथ्या वर्षी त्याच्या बायकोने चुलीपुढे बसून सांगितले, "साहेब, जमीन कागदावर दुसऱ्याची झालीया. झाड लावलं आन् जगलं, तर तो उद्याच काढून घील." ती बाजरी आळसाची नव्हती. ज्याला पुढचे साल आपले आहे याचीच खात्री नाही, तो तीन महिन्यांत हाती येईल तेवढेच पेरतो. खत, बियाणे, ठिबक, सगळे सल्ले त्याच्यापुढे वाया. कृषी महाविद्यालयात आम्हाला मातीचा सामू काढायला शिकवले, ही गोष्ट कुठल्या प्रयोगशाळेत मोजायची ते शिकवले नाही.

म्हणून मला वाटते, १८७९ च्या कायद्याने अर्धेच काम केले. सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्याच्या हातात दुसरा पैसा ठेवला नाही. हे त्या वेळीही काही शहाण्यांना कळले होते. पुण्याला न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. जुनी कर्जे तडजोडीने मिटवायची आणि पुढे बँकेने माफक व्याजाने भांडवल पुरवायचे. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते. विलायतेतल्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. सरकारने १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई दिली, तीही कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकलेली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या खटपटीने मुंबईला मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली, आणि तिच्या पैशाला पहिल्या काळात चांगला उठाव मिळाला तो नीरा कालव्यावरच्या ऊसवाल्या गावांत.

हा कालवा म्हणजे तुमचाच, ताई. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. दुष्काळ निवारणासाठी ही कामे निघाली, दंग्यांसाठी नव्हे. तरी ज्या भीमथडी-इंदापुरात रोखे जळले, तिथेच पाणी आले आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, हे नकाशा समोर ठेवला की दिसते.

नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये गावची सहकारी पतपेढी काढली. त्याच भागात १९५० मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या पाठबळाने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सुप्याची होळी ते प्रवरेचा बॉयलर, मध्ये पंचाहत्तर वर्षे गेली. दंग्याच्या धाकाने कायदा चार वर्षांत झाला. पैसा, पाणी, गोदाम आणि आपली माणसे हिशेबाला बसवणे, याला तीन पिढ्या लागल्या. आणि तरीही १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली तेव्हा शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे रुपये तीन आणि सावकारांचे जवळजवळ सत्तर निघाले.

सहकारात पुढे काय काय शिरले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सोसायटीच्या निवडणुकीत कोणाची थकबाकी दाबली जाते आणि कोणाच्या घरावर जप्ती येते, याची यादी प्रत्येक गावाच्या पारावर तोंडपाठ असते. त्यावर कधीतरी सवडीने.

अलीकडचेही एक उदाहरण घ्या. १ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्याच पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीच्या गाड्या अडल्या, काही ठिकाणी दगडफेक झाली. त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस दुसरी झाली. देशपातळीवर २००८ मध्ये झालीच होती. ज्यांचा बोजा उतरला त्यांना दिलासा मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण प्रत्येक माफीच्या आगेमागे दोन-तीन हंगाम मी हेही पाहिले, की वसुली थांबते, बँकेचा साहेब नवे प्रकरण करायला कां-कूं करतो आणि ऐन पेरणीला बियाण्याचे पैसे घ्यायला माणूस पुन्हा शेकडा तीनवाल्याच्या ओसरीवर जातो. सरकारला हलवायला गर्दी लागते, हे दीडशे वर्षे खरे ठरत आले आहे. पेरणीच्या दिवशी मात्र ती गर्दी कामाला येत नाही.

आता ताई, तुमचे उत्तर.

सही करू नका. दिरांनाही हे वाचून दाखवा.

खरेदीखत नोंदले गेले की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही जमीन विकली. सात-बारावर फेरफार होईल आणि तुमचे नाव जाईल. "पैसे फिटले की उलटून देईन" ही बोली तोंडी असो की वेगळ्या साध्या कागदावर किंवा स्टँपवर, तिच्या जोरावर ते गहाण होते असे ठरवून घेणे फार कठीण जाते. परत करण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला शर्तीचे गहाण मानू शकतो. आणि तो माणूस ती शर्त त्या दस्तात लिहू देणार नाही, विचारून पाहा. तिथेच त्याचा मनसुबा कळेल.

महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजबट्ट्याचा धंदा करणे गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारकालाही व्याजाचा दर सरकार ठरवून देते आणि तो दरसालचा असतो, दरमहाचा नव्हे. वसुलीसाठी धाकदपटशा करणे हाही गुन्हा आहे. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय असते, तिथे त्या माणसाकडे परवाना आहे की नाही ते विचारा. नसेल तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी त्याच खुर्च्यांच्या पलीकडे बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो. ज्यांची जमीन अशा अवैध सावकारीत आधीच लिहून गेली आहे, त्यांना जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून चौकशीअंती ती परत मागता येते, पण त्याला मुदत आहे. तेव्हा वाट पाहत बसू नये.

"काय होईल ते बघा" हे शब्द कोणासमोर, कोणत्या दिवशी बोलले गेले ते आजच वहीत लिहून ठेवा. आतापर्यंत व्याजापोटी दिलेली प्रत्येक रक्कम, तारीख, रोख की फोनवरून, तेही लिहा. १८७५ च्या कुळाकडे पावती नव्हती. तुमच्याकडे मुलीच्या फोनमध्ये ती असण्याचा संभव आहे. पुढचे पैसे बँकेतूनच द्या.

मुद्दल बुडवा असे मी म्हणत नाही. घेतलेले दोन लाख खरे आहेत. तुमच्या सात-बारावर सोसायटीचा बोजा किती आहे ते पाहा. थकबाकी नसेल तर पीककर्जाला वेळेवर फेडीची व्याजसवलत मिळते, ती मिळते म्हणजे घरात जी रक्कम शेकडा तीनला जात होती तिचा काही भाग मोकळा होतो. पाइपलाइनीचे प्रकरण बँकेच्या मध्यम मुदतीच्या कर्जात बसते का, हे तुमच्या कृषी सहायकाला घेऊन जाऊन विचारा. दुभती जनावरे किती आहेत ते पत्रात लिहिले नाही. डेअरीच्या बिलावर कर्ज देणाऱ्या काही दूध संस्था आहेत, तुमच्या गावात तशी सोय आहे का पाहा. मुद्दलाचे हप्ते ठरवून, चार माणसांसमोर, लेखी द्यायला तयार आहोत असे त्या बड्या माणसाला कळवा. तो नाही म्हणाला तर ते नाहीसुद्धा वहीत लिहा.

भांडण नको हे दिरांचे म्हणणे मला समजते. गावात राहायचे आहे, बांधाला बांध आहे. त्यांना एवढेच विचारा, की दीड एकर गेल्यावर त्या माणसाशी गोडी राहणार आहे का. आणि एकटे जाऊ नका. तुमच्याच गावात आणखी दोन-चार घरे त्याच वहीत अडकलेली असतील. कर्ड्याची माणसे एकत्र बसली होती, तशी एकदा बसून पाहा.

तुमच्या पत्रावर पत्ता अर्धाच आहे. पूर्ण पत्ता कळवला तर अर्जाचा नमुना टपालाने पाठवतो. इतर कोणाला हवा असेल त्यांनीही संपादकांच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट पाठवावे.

हरभऱ्याची बीजप्रक्रिया पुढच्या अंकी नक्की. बियाणे घेतले असेल तर पेरायची घाई करू नका, ट्रायकोडर्मा आणून ठेवा आणि उन्हात ठेवू नका.